पिवळी रेघ

२ जानेवारी

ही वही बायकोने दिली. देताना म्हणाली, "मनात येईल ते सगळं यात लिहा आणि माझं डोकं खाणं थांबवा."

तर लिहितो. मी, वय बेचाळीस, चौदा वर्षं लोकांच्या स्कूटरी दुरुस्त करून हात काळे केले. कालपासून स्वतःची स्कूटर बनवणारा झालो. दुरुस्त करणारा नाही, बनवणारा! हा शब्द लिहितानासुद्धा पेन जरा घसरलं. सर्व्हिस सेंटरच्या साहेबांना राजीनामा दिला तेव्हा ते हसून म्हणाले, की एप्रिलअखेरपर्यंत तुमची जागा भरत नाही. हे हिच्या कानावर गेलं आणि हिने लगेच माझ्याकडून कबूल करून घेतलं, एप्रिल संपायच्या आत चाचणी केंद्राची मंजुरी आली तर कारखाना, नाही तर निमूट परत. मी हो म्हटलं. कारण मला खात्री आहे.

कारखाना म्हणजे बंद पडलेली बेकरी. पत्र्याचं छप्पर, एका भिंतीला विटांची मोठी भट्टी, आणि जमिनीच्या फटीफटीत जुना मैदा. भागीदार एकच, बुवा. तो वेल्डर आहे, पण तोंड उघडलं की प्रवचन सुरू होतं, म्हणून बुवा. इंजिन आम्ही बाहेरून तयार घेतलंय. बाकी सांगाडा, हँडल, सीट, पत्रा, सगळं आमचं.

संध्याकाळी गाडीचं चित्र घेऊन दादांकडे गेलो. दादा म्हणजे माझे सासरे. घर त्यांचं आहे आणि मी नऊ वर्षं त्यांच्या घरात राहतो, म्हणजे लोक ज्याला घरजावई म्हणतात तोच. मला त्याचं काही वाटत नाही. (वाटतं.) मोटारसायकलींच्या मोठ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. तपासणी खात्यात होते एवढंच मला माहीत आहे, काय तपासायचे देव जाणे. त्यांनी चष्मा लावला, चित्र उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं आणि विचारलं, "नट किती?"

मी म्हटलं, मोजले नाहीत.

"मोजा," म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

एवढा मोठा बेत मांडला आणि माणूस नट विचारतो! एकदाच, फक्त एकदा, या माणसाच्या तोंडून "चांगलं आहे" ऐकायचंय मला.

९ जानेवारी

सांगाडा उभा राहिला. बुवाने शेवटचा टाका मारला, मुखवटा वर केला आणि आम्ही दोघं पाच मिनिटं नुसते बघत बसलो. नळ्यांचा पिंजरा आहे नुसता, पण मला त्यावर सीट दिसत होती, दिवा दिसत होता, चालवणारी बाई दिसत होती.

चालवणारी बाई म्हणजे हीच. ही अकरा वर्षं एका प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. शहरातला एकही खड्डा तिला अनोळखी नाही. स्कूटर कशी हवी हे मी तिलाच विचारलं आणि तिने बोटांवर मोजत सांगितलं, पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पायाशी डबा मावला पाहिजे, साडी किंवा ओढणी चाकात जाता कामा नये, आणि उभी करताना कंबर मोडता कामा नये. बाजारातल्या कुठल्या गाडीत हे सगळं आहे? एकाही नाही. म्हणून तर आमची गाडी. तिच्याबरोबर काम करणाऱ्या सहा जणी थांबल्यात, मंजुरी आली की पहिल्या सहा गाड्या त्यांच्या.

१८ जानेवारी

नावावरून भांडण. मी म्हटलं "वायुवेग". ही म्हणाली, ताशी पंचेचाळीसने धावणाऱ्या गाडीला वायुवेग म्हटलं तर वारा अब्रुनुकसानीचा दावा लावेल. बुवाने संस्कृतातली अकरा नावं सांगितली, एकही टाकीवर मावेना. शेवटी ही म्हणाली, "झुळूक."

झुळूक. पंधरा मिनिटं मी रुसून होतो. मग बुवाने खडूने सांगाड्यावर लिहिलं आणि ते बरोबर दिसलं.

४ फेब्रुवारी

आज आमच्या हातून जे झालं ते जगात फक्त बेकरीतल्या स्कूटरवाल्यांच्या हातून होऊ शकतं.

रंग पक्का व्हायला पत्रा भाजावा लागतो. भट्टी आयती होती. मी पांढराशुभ्र रंग मारला, पत्रे भट्टीत सरकवले आणि बुवाला म्हटलं, लक्ष ठेव. बुवाने मनुष्यजन्म या विषयावर बोलायला सुरुवात केली, मी वाद घालायला लागलो, आणि दोघंही भानावर आलो तेव्हा पांढऱ्याचा खमंग बिस्किटी रंग झाला होता. कडेला जरा जास्तच.

मी डोक्याला हात लावून बसलो. ही डबा घेऊन आली, पत्रे उन्हात धरून पाहिले आणि म्हणाली की असा रंग कुठल्याच गाडीला नाही, धूळही दिसणार नाही. झालं! झुळूक बिस्किटी. आता प्रत्येक गाडी अशीच करपवायची. किती मिनिटं ते बुवाने भिंतीवर लिहून ठेवलंय.

गाडीला अजून पावाचा वास येतोय.

१६ फेब्रुवारी

सुरू झाली. सुरू झाली. सुरू झाली.

तिसऱ्या किकला. आधी खोकली, मग फुरफुरली, मग असा सूर लागला की बुवा चक्क गप्प बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी सांगितलं धुरामुळे. हिने हेल्मेट घातलं, बसली, पाय टेकले (टेकले!) आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेली. वळली. परत येताना एका हाताने चालवत होती, कारण दुसऱ्या हातात पुढचं मडगार्ड होतं.

"हे पडलं," म्हणाली.

आम्ही हसून हसून जमिनीवर बसलो. पहिल्या दिवशी मडगार्ड पडणं हा तर शकुन. गल्लीच्या तोंडाशी दादा उभे होते, भाजी घेऊन चालले असावेत. मी हात केला. त्यांनी हात केला नाही, मुलीच्या हातातल्या मडगार्डकडे पाहिलं, आणि गेले.

जेवताना मात्र स्वतःहून बोलले, ही केवढी नवलाई. विचारलं, "मागचं चाक कोणी बसवलं?"

मी म्हटलं, मीच.

"हं," म्हणाले. त्या "हं"मध्ये नऊ वर्षं होती. पण आजच्या दिवशी मी कुणाला मूड घालवू देणार नाही. सुरू झाली!

१९ फेब्रुवारी

बुवाने नवीनच खूळ काढलंय. सकाळी गाडीवरून फडकं फिरवताना पाहिलं, तर मडगार्डच्या चारही नटांवर पिवळ्या रंगाचे फराटे. बारीक ब्रशने काढलेले, पण फराटेच. कलाकार माणूस, काही बोललो तर दोन दिवस फुगून बसेल. मी गप्प राहिलो.

कारखान्याच्या किल्ल्या दोनच, एक बुवाकडे आणि एक आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. बुवा सकाळी माझ्याआधी येऊन हे उद्योग करत असणार.

२४ फेब्रुवारी

हँडलवर, ब्रेकवर, इंजिनाच्या पायांवर, सगळीकडे पिवळं. गाडीला कांजिण्या आल्यासारख्या दिसतात. आणि आज बुवाच मला म्हणतो कसा, "मालक, तुमचा हात फार नाजूक आहे हो, मला नसतं जमलं." माझ्या रंगकामाला टोमणा होता तो, भट्टीवरून. मी म्हटलं, चालू द्या.

चाचणीसाठीची तात्पुरती पाटी मिळाली. आता नियम असा, की हजार किलोमीटर चालवायची, मग मैदानावर केंद्राचा माणूस येऊन पाहणार. ही रोज नमुने गोळा करायला झुळूकवरूनच जाणार. रोज वीस-तीस किलोमीटर.

दादा हल्ली पहाटेच्या फिरण्याला फार वेळ लावतात. साडेपाचला कापडी पिशवी घेऊन जातात ते साडेसातला उगवतात. आज चहा पिताना पाहिलं, अंगठ्याच्या नखात पिवळा रंग. विचारलं तर म्हणाले, फाटक रंगवतोय. बरं आहे, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा.

३ मार्च

रविवार. दुपारी आडवा पडलो होतो. वर पंखा फिरत होता. बंद झाल्यावर दिसलं, दांडीला जिथे पंखा अडकवलाय तिथे पिवळा रंग सांडलेला. मागे कधीतरी घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने सांडला असणार. कुणाला म्हणून कामात नीटनेटकेपणा नको.

फाटकही पाहिलं. गंजलेलं होतं तसंच आहे. दादा पहाटे अंधारात नक्की रंगवतात तरी काय, काही कळत नाही. वय झालं.

११ मार्च

चारशे ऐंशी किलोमीटर आणि एकही वस्तू पडली नाही!

पहिल्या आठवड्यात मडगार्ड, आरसा, साखळीचं झाकण, काय काय पडलं होतं. आता ही रोज संध्याकाळी येते, गाडी उभी करते आणि मी विचारतो, काय पडलं? काही नाही. काय सैल झालं? काही नाही. मी बुवाला सांगितलं, याला म्हणतात हात बसणं. चौदा वर्षांचा अनुभव आहे, सुरुवातीला उत्साहात थोडं इकडेतिकडे झालं इतकंच.

जेवतानाही सांगितलं, जरा तपशिलात. दादांना ठसका लागला. हिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला वाढायला लागली. मान खाली घालून. मला वाटतं तिला माझा अभिमान वाटला.

दादांच्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकलं. काल मोजले, शहाण्णव नट. म्हणाले, "बरं." पुन्हा एकदा मोजा असं काही म्हणाले नाहीत, म्हणजे बरोबर असणार.

१९ मार्च

सहाशे ऐंशी. आज हिच्या सहा मैत्रिणी गाडी बघायला बेकरीत आल्या. एकेकीने बसून पाय टेकवून पाहिले. सगळ्यांचे टेकले. सर्वांत बुटकी जी आहे तिने दोन वेळा उतरून पुन्हा टेकवून पाहिले आणि म्हणाली, आजवर मी प्रत्येक सिग्नलला नाचत आले. लोकांनी मला चौदा वर्षांत चांगला मेकॅनिक म्हटलंय, पण हे काही वेगळंच होतं.

एकीने त्या पिवळ्या रेघांबद्दल विचारलं. मी म्हटलं, पुसणार आहोत. ही म्हणाली, "असू द्या हो, काय त्रास होतोय?"

मंजुरी हवीच. आता परत जाणं नाही.

२८ मार्च

वाण्याच्या सामानात पिवळ्या रंगाची छोटी डबी निघाली. हिला विचारलं. "फाटकासाठी," म्हणाली. मी म्हटलं, अगं फाटकाला अजून एक थेंब लागलेला नाही. तर म्हणते, जाड थर द्यायचाय. बापलेकींचं काय चालतं, मी त्यात पडत नाही.

दादांना मी नऊ वर्षांत कधी दुचाकीवर बसलेलं पाहिलं नाही. आज सहज विचारलं, दादा, एक चक्कर मारता का झुळूकवर? म्हणाले, नको. मी म्हटलं, एकतीस वर्षं मोटारसायकली केल्यात आणि बसत नाही? म्हणाले, "कशा बनतात ते बघितलंय म्हणून."

ही हसत हसत आत गेली. मला मात्र लागलं. म्हणजे माझीही तशीच, असंच ना?

८ एप्रिल

हजार! हजार पूर्ण! आकडा फिरताना ही मुद्दाम बेकरीच्या दारात येऊन थांबली, नऊशे नव्व्याण्णववर, आणि शेवटचा एक गल्लीत आमच्यासमोर फिरवला. बुवाने डबा वाजवला. शेजारचा चष्मेवाला दुकान सोडून आला.

केंद्रात फोन केला. तारीख मिळाली, सतरा एप्रिल, सकाळी आठ, मोठं मैदान. तपासनीस एक बाई आहेत. त्यांच्याबद्दल चौकशी केली तर लोक नुसते श्वास सोडतात.

१६ एप्रिल

उद्या. आज दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

मागचं टायर जरा झिजलं होतं. दुपारी चाक काढलं, नवं टायर चढवलं, चाक बसवलं. नट हाताने फिरवत होतो तेवढ्यात केंद्रातून फोन, कागद कुठले आणायचे ते सांगायला. ते लिहून घेतले, मग बुवाशी टेम्पोचं ठरवलं, मग ही आली, तिला मैदानावर काय काय करायचं ते सांगितलं. आठचा आकडा, ब्रेक, चढ, पंचेचाळीसचा वेग. ती म्हणाली, "अहो, मी रोज याहून वाईट रस्त्यांनी रक्त नेते."

तिला कशाचीच भीती वाटत नाही. मला तरी कुठे वाटते.

उद्या पहाटे पाचलाच जाणार. त्या कांजिण्या पुसायच्यात. बुवा फुगला तर फुगला, उद्या गाडी लख्ख दिसली पाहिजे.

१७ एप्रिल, पहाटे

टेम्पोत लिहितोय, अक्षर हलतंय. पाचला आलो, थिनर घेतला आणि एकूण एक पिवळी रेघ पुसली. अर्धा तास लागला. गाडी काय दिसतेय! नवी कोरी, बिस्किटी, चकचकीत. मागच्या चाकाच्या मोठ्या नटावरची रेघ तर दोन तुकड्यांत होती, एकाला दुसरा जुळतच नव्हता. बुवाचा हात हलला असणार. तीही पुसली.

बुवा गाडी चढवताना म्हणाला, "मालक, पुसल्या का? मला आवडायच्या तुमच्या रेघा." मी म्हटलं, माझ्या? त्या तुझ्या. तो म्हणाला, माझ्या नाहीत. तेवढ्यात टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला.

नंतर बघू. ही मैदानावर परस्पर येते आहे. आज बारा वाजेपर्यंत मी स्कूटर बनवणारा असेन.

१७ एप्रिल, दुपार

सगळं क्रमाने लिहितो, नाही तर मलाच पुढे खरं वाटणार नाही.

तपासनीस बाई आठला पाच मिनिटं कमी असताना आल्या. उंच, केस पांढरे, बगलेत फाइल. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग वाकून हँडलच्या नटाकडे पाहिलं आणि विचारलं, आवळल्याची खूण कुठे आहे. मी म्हटलं, कसली खूण? त्या म्हणाल्या, नट आवळला आहे हे मला कसं कळणार? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की थोडे पिवळे डाग होते, पण आज सकाळी मी स्वतः...

"डाग?" त्या म्हणाल्या.

आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. बुवा आकाशाकडे बघायला लागला. मग म्हणाल्या, ठीक आहे, आधी चालवून दाखवा. ही गाडीवर बसली, हेल्मेटचा पट्टा लावला, इंजिन सुरू केलं. समोर आठशे मीटरचा सरळ रस्ता होता. पंचेचाळीसचा वेग आधी घ्यायचा होता.

तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून हिची जुनी स्कूटर आत आली. वर पायजमा, बंडी आणि हिचं लाल हेल्मेट. मला वाटलं, हा कोण वेडा. गाडी थेट झुळूकच्या समोर आडवी थांबली आणि हेल्मेट काढलं तर दादा. नऊ वर्षांत ज्यांना दुचाकीवर बसलेलं पाहिलं नाही ते दादा. धाप लागली होती, चेहरा पांढरा पडला होता.

मुलीला म्हणाले, "उतर."

ती एक शब्द न विचारता उतरली.

दादा गाडीच्या मागे उकिडवे बसले. पिशवीतून पाना काढला, पण पाना लावलाच नाही. मागच्या चाकाचा मोठा नट त्यांनी दोन बोटांत धरला आणि फिरवला. फिरला. बाटलीचं झाकण फिरतं तसा. एक पूर्ण फेरा, मग दुसरा. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मला कालची दुपार आठवली. फोन आठवला. आणि सकाळची ती दोन तुकडे झालेली रेघ आठवली, जी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि माझ्याच हाताने पुसली. त्या चाकावर माझी बायको पंचेचाळीसने जाणार होती. मी तिथेच मातीत बसलो.

"पाना धरा, जावईबापू," दादा म्हणाले. "उठा. कामं आहेत."

मग आम्ही सुरुवात केली. मी आवळायचो, ते हाताने बघायचे, मान हलवायचे, आणि मग डबीत ब्रश बुडवून एक रेघ. नटाच्या डोक्यावरून निघून खालच्या लोखंडावर उतरणारी, केसाएवढी. चार-पाच झाल्यावर हळूच मला म्हणाले, की पहाटे बेकरीत गेले तर गाडी निघून गेलेली आणि काढलेलं टायर पडलेलं, म्हणून धावत आले. मग म्हणाले, नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते, मग नुसत्या नजरेने कळतं, पाना लागत नाही. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. रोज शेकडो गाड्यांवर. आणि दोन महिने पहाटे माझ्या गाडीवर.

बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. कंटाळून जातील असं मला वाटत होतं, पण त्या वाकून बघायला लागल्या. शेवटी विचारलं, किती नट आहेत या गाडीला? मी तोंड उघडणार होतो, शहाण्णव म्हणायला.

"एकशे चार," दादा म्हणाले. मान वर न करता.

"तुम्ही कोण?"

दादा उठले. गुडघे झटकले. बंडीच्या कडेला पिवळा रंग लागला होता. म्हणाले, "मी या कारखान्याचा तपासनीस."

बाई म्हणाल्या, मग खुणा नव्हत्या त्या का?

मला वाटलं, संपलं. दादांनी क्षणभरही थांबून विचार केला नाही. "सकाळी मीच पुसल्या. म्हटलं, तुमच्यासमोर नव्याने माराव्यात. यायला मला उशीर झाला, चूक माझी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशातून थिनरचं फडकं बाहेर लोंबत होतं, पिवळंधम्मक. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, आणि फाइलमध्ये आधी लिहिलेली ओळ खोडली. म्हणाल्या, चालवा.

आणि काय चालवली हिने! सरळ रस्त्यावर सत्तेचाळीस. आठचा आकडा एकदा उजवा, एकदा डावा. ब्रेक मारला तर खडूच्या रेषेवर टाचणी टोचल्यासारखी उभी. चढावर मध्येच थांबवून पुन्हा सुटली, एक इंच मागे नाही. बाईंनी स्वतःसुद्धा एक चक्कर मारली आणि उतरताना पाय टेकले का ते बघितलं. मी पाहिलं, बघितलं त्यांनी!

मंजूर. कागद माझ्या हातात आहे. शिक्का ओला होता, माझ्या अंगठ्याचा ठसाही त्यावर उमटलाय. खाली शेरा आहे, "नटांवर खूण करण्याची पद्धत उत्तम. कायम ठेवावी."

बुवाने मला उचललं. मी बुवाला उचललं. मग मी दादांकडे गेलो आणि म्हटलं, "दादा, चुकलं माझं."

"सीटखाली आठ आहेत," ते म्हणाले. "तुम्ही ते मोजले नव्हते."

जुनी स्कूटर टेम्पोत चढवली आणि मी त्यांना म्हटलं, तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसा. ते बसले नाहीत. झुळूककडे गेले. ही गाडीवर बसलेली होती, इंजिन चालू होतं. दादांनी मागच्या चाकाकडे एकदा पाहिलं, धोतर सावरावं तसा पायजमा सावरला, आणि मुलीच्या मागे बसले.

एक शब्द बोलले नाहीत. मला आता ऐकायचाही नाही.

१८ एप्रिल

साहेबांना फोन करून सांगितलं, माझी जागा भरा. ते म्हणाले, अभिनंदन, आणि एक झुळूक आम्हालाही बघायला पाठवा.

सहा गाड्यांचे सांगाडे सोमवारपासून. बेकरीत दादांसाठी खुर्ची आणि टेबल ठेवलं, टेबलावर ब्रश आणि पिवळी डबी. बुवाने दारावर पाटी लिहिली, "तपासणी खातं". दादा म्हणाले, पाटीचे स्क्रू सैल आहेत.

हिला विचारलं, तुला यातलं काही माहीत होतं का? म्हणाली, छे, मला काय माहीत. तिलाही माझ्याइतकाच धक्का बसला असणार, बिचारी.

२१ एप्रिल

रविवार. जेवून आडवा पडलो. दोन महिन्यांनी प्रथमच डोक्यात काही फिरत नव्हतं. वर पंखाही फिरत नव्हता, वीज गेली होती.

आणि मग मला तो रंग दिसला. दांडीवरचा, रंगाऱ्याने सांडलेला.

मी पलंगावर उभा राहिलो. तो सांडलेला रंग नव्हता. नटावरून निघून दांडीवर उतरणारी रेघ होती. तिच्याखाली दुसरी, फिकट. तिच्याखाली तिसरी, जेमतेम दिसणारी. मोजल्या. नऊ निघाल्या.

खाली उतरलो आणि घरभर फिरलो. माझ्या जेवणाच्या खुर्चीला खालून चार. गॅसच्या शेगडीला. जिन्याच्या कठड्याला. हिच्या जुन्या स्कूटरला, एकूण एक. आरशाच्या खिळ्याला. मी रोज जिला टेकून वही लिहितो त्या फळीच्या दोन्ही खुंट्यांना. नऊ वर्षं मी या घरात बसलो, उठलो, झोपलो, आणि मनात म्हणत राहिलो की या माणसाला माझं काही पडलेलं नाही.

दादा बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारलं, "दादा, घरात किती?"

त्यांनी पान उलटलं. "तुम्ही मोजा."

मी परत खोलीत आलो, पलंगावर चढलो आणि पंख्याच्या रेघेवरून बोट फिरवलं. सगळ्यात वरची अजून सलग आहे. वीज आल्यावर पंखा लावला आणि त्याच्याखाली झोपलो.